फुटक्या स्क्रीनवर तीन आठवडे: टीव्ही, टॅब आणि तीन हजारांचा जुना मॉनिटर

तुळशीचं लग्न लागलं की माझ्याकडे पत्रिकांची गर्दी सुरू होते. नाशिकला पंचवटीत, दिंडोरी नाक्याच्या अलीकडे, घरातल्याच एका खोलीत मी डीटीपीचं काम करते. छापखाना माझा नाही. मजकूर जुळवायचा, प्रूफ दाखवायचं आणि फाईल छापखान्यात पाठवायची, एवढं माझं काम. मागच्या नोव्हेंबरात सात पत्रिका हातात असताना कपाटावरून नमुन्याच्या पत्रिकांचा गठ्ठा सरकला आणि उघड्या लॅपटॉपवर पडला. लॅपटॉप चालू राहिला, पंख्याचा आवाज येत होता, पण स्क्रीनच्या डाव्या बाजूला शाई सांडावी तसा काळा डाग पसरला आणि त्याच्यातून वरपासून खालपर्यंत हिरव्या-गुलाबी रेघा उभ्या राहिल्या.

पुढचे तीन आठवडे मी त्याच लॅपटॉपवर काम केलं आणि सातही पत्रिका वेळेत गेल्या. त्या दिवसांत जे जे वापरलं त्याचा हा अनुभव. माझं काम बारीक अक्षराचं आणि रंगाचं आहे, त्यामुळे माझी कसोटी कडक आहे. फक्त मेल आणि बिलं बघणाऱ्याला यातल्या काही गोष्टी माझ्यापेक्षा नक्की जास्त उपयोगी पडतील.

पहिली रात्र उरलेल्या अर्ध्या स्क्रीनवर काढली. विंडोजचं बटण दाबून उजवा बाण दाबला की चालू खिडकी उजव्या अर्ध्यात जाऊन बसते. व्हॉट्सॲप वेबवर आलेला मजकूर वाचायला तेवढं पुरलं. मी पत्रिका जुळवते त्या कोरलड्रॉ सॉफ्टवेअरमध्ये मात्र हत्यारांची पट्टी डावीकडे असते, म्हणजे नेमकी डागाखाली. तिथे पाठ असलेली बटणं कामाला आली: एफ-८ ने अक्षर, एफ-१० ने आकार, शिफ्ट आणि एफ-४ ने सगळं पान समोर. एक पत्रिका तशीच पुरी केली. एक चूक मात्र कुणी करू नये. डाग कुठवर आलाय हे बघायला मी बोटाने काचेवर दाबत होते. आतल्या दोन काचांच्या मध्ये द्रव असतो, काच तडकली की तो जागा सोडतो आणि दाबलं की आणखी पसरतो. सकाळी डाग चार बोटं पुढे आला होता. मग त्यावर पार्सलची पारदर्शक चिकटपट्टी सपाट लावली, कारण तडकलेल्या काचेच्या कपच्या हाताला लागतात आणि घरात लहान मूल येतं-जातं. फुटलेल्या जागी हात लागू नये म्हणून लॅपटॉप उचलताना खालूनच धरायचा, हेही ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी टीव्ही. हॉलमधला ३२ इंची, भिंतीवर लावलेला. नाक्यावरच्या दुकानातून २५० रुपयांची एचडीएमआय केबल आणली. दीड मीटरची घेतली आणि ती चूक ठरली, लॅपटॉप टीव्हीच्या खाली उभ्याने धरावा लागत होता. परत जाऊन तीन मीटरची घेतली. भिंतीवरचा टीव्ही असेल तर सरळ तीन मीटरचीच घ्या.

केबल जोडली की विंडोज आणि पी ही दोन बटणं एकत्र दाबायची. बाजूला चार पर्याय येतात. फुटक्या स्क्रीनवाल्याने ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ हाच घ्यावा. ‘एक्स्टेंड’ घेतलं तर लॅपटॉपला वाटतं की आपला स्वतःचा पडदा अजून शाबूत आहे आणि तो खिडक्या त्या डागाखाली उघडत राहतो. तशी एखादी खिडकी तिकडे अडकली तर विंडोज, शिफ्ट आणि बाण दाबला की ती दुसऱ्या पडद्यावर येते. स्क्रीनवर काहीच दिसत नसेल तर विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून वाचून दाखवणारा आवाज सुरू करता येतो, तो कुठल्या पर्यायावर आहोत ते इंग्रजीत सांगतो. माझ्यावर ती वेळ आली नाही, तरी करून बघितलं आणि चालतं.

टीव्हीवर चित्र आलं तेव्हा आधी फार बरं वाटलं. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्याच क्षणी कळली होती, ती म्हणजे लॅपटॉपच्या आतलं सगळं ठीक आहे, गेलाय तो फक्त पडदा. ही तपासणी फुकटात होते आणि पुढे दुकानात तिचाच आधार झाला, ते खाली सांगते.

पण पत्रिका उघडली आणि जीव थाऱ्यावर राहिना. आमच्याकडच्या गावाकडच्या पत्रिका ज्यांनी बघितल्यात त्यांना माहीत आहे की खाली निमंत्रक, व्यवस्थापक, आपले नम्र अशी नावांची दाट वस्ती असते. दिंडोरी-निफाडकडच्या एका पत्रिकेत सत्तर-ऐंशी नावं सहज. त्यात एक टिंब राहिलं की शिंदेंचे शिदे होतात, आणि ज्याचं नाव चुकलं तो माणूस लग्नाच्या मांडवात ते बोलून दाखवतो. सगळ्यात वर असतं ‘श्री सप्तशृंगी माता प्रसन्न’. त्या ‘शृं’ मध्ये खाली ऋकार आणि वर अनुस्वार, दोन्ही नीट दिसायला हवेत. टीव्हीवर ते अक्षर म्हणजे लाल रंगाचा एक ठिपका दिसत होता.

कारण शोधलं. आमचा टीव्ही एचडी रेडी आहे, म्हणजे त्याच्यात आडवे १३६६ आणि उभे ७६८ ठिपके. लॅपटॉप मात्र आपणहून १९२०×१०८० चं चित्र पाठवत होता आणि टीव्ही ते दाबून बसवत होता. डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १३६६×७६८ केलं. तरी पानाच्या चारही कडा कापल्या जात होत्या, खालची टास्कबार अर्धीच दिसायची. जुन्या प्रक्षेपणात कडेला कचरा असायचा तो लपवायला टीव्ही चित्र थोडं मोठं करून दाखवतात, ती सवय अजून टिकून आहे. रिमोटवर चित्राच्या आकाराच्या यादीत ‘जस्ट स्कॅन’, ‘स्क्रीन फिट’ किंवा अशाच नावाचा पर्याय असतो, कंपनीप्रमाणे नाव वेगळं. तो लावल्यावर कडा परत आल्या.

राहिला लाल रंग. हे मला सगळ्यात जास्त सतावत होतं, कारण माझ्या निम्म्या पत्रिका पिवळ्यावर तांबड्या अक्षराच्या असतात. टीव्ही चित्रपट आणि मॅच दाखवायला बनवलेला असतो. बरेच टीव्ही उजेड-अंधाराची माहिती पूर्ण ठेवतात आणि रंगाची माहिती कमी करून टाकतात. माणसाच्या चेहऱ्यावर ते कळत नाही. पिवळ्या जमिनीवरच्या बारीक तांबड्या अक्षराच्या कडा मात्र विरघळतात. यावर उपाय निघाला तो पुतण्याकडून. तो म्हणाला, “काकू, ज्या एचडीएमआयला केबल लावलीय त्याचं नाव बदलून पीसी ठेवा.” मला वाटलं नाव बदलून काय होणार. पण टीव्हीच्या इनपुटच्या यादीत त्या जागेला ‘पीसी’ हे नाव दिलं आणि अक्षरं एकदम कोरल्यासारखी उभी राहिली. सगळ्या टीव्हींवर हे होईलच असं नाही, आमच्यावर झालं. सोबत चित्राचा ‘व्हिविड’ मोड काढला आणि शार्पनेस शून्याकडे आणला. एवढं करूनही कुंकवाचा लाल नारिंगीकडेच झुकत होता, म्हणून त्या दिवसांत रंग डोळ्यांनी ठरवलाच नाही. मॅजेंटा शंभर, पिवळा शंभर, असे आकडे टाकायचे आणि छापखान्यातल्या रंगाच्या कार्डाशी जुळवून बघायचे.

आणि तरी टिंबाचा प्रश्न उरलाच. मी हिशोब केला. ३२ इंचात १३६६ ठिपके म्हणजे एक ठिपका साधारण ०.५२ मिलिमीटरचा. माझ्या लॅपटॉपच्या १५.६ इंची फुल एचडी स्क्रीनवर तोच ०.१८ मिलिमीटर. म्हणजे टीव्हीचा एक ठिपका लॅपटॉपच्या जवळपास तीनपट रुंद. अनुस्वार त्याच्यात मावणार कसा? प्रूफ वाचताना पान चारशे टक्के मोठं करून, तुकड्या-तुकड्याने सरकवत वाचावं लागे, आणि तसं वाचताना ओळींमधलं अंतर कुठे कमी-जास्त झालंय ते कळत नाही.

संध्याकाळी सातनंतर टीव्ही सासूबाईंचा. त्यांनी स्वतः होऊन दोन दिवस मालिका सोडली, “तुझं काम आधी” म्हणाल्या. मला ते बरं वाटेना. दिवसभर एकट्या असतात, तो एक तासच त्यांच्या हक्काचा. तिसऱ्या दिवशी मीच केबल काढली.

मग दोन दिवस टॅब. पुतण्याच्या १० इंची टॅबवर लॅपटॉपचा दुसरा स्क्रीन बनवणारं एक फुकट ॲप टाकलं, तेच लॅपटॉपवरही टाकावं लागतं. म्हणजे आधी लॅपटॉपवर काहीतरी दिसत असेल तरच हे जमतं, पूर्ण काळा पडलेल्या स्क्रीनवाल्याला आधी टीव्ही लागणारच. वायफायवरून चित्र येतं ते दाबून-चेपून येतं, त्यामुळे अक्षरं हलल्यासारखी दिसतात आणि माऊस हाताच्या मागे अर्धा सेकंद चालतो. रेघेला रेघ जुळवताना तो अर्धा सेकंद फार होतो. गिऱ्हाईकाला प्रूफ पाठवणं, मेल बघणं, हिशोबाची वही भरणं यासाठी टॅब छान आहे. प्रवासात असलेल्या माणसाने तर जरूर वापरावा. जुळणीच्या कामाला नाही.

शेवटी एका दुपारी लॅपटॉप पिशवीत घालून निघाले. मालेगाव स्टँडवरून होळकर पूल ओलांडून रविवार कारंजा, तिथून अशोकस्तंभ आणि मग मेहेर सिग्नलकडून एम. जी. रोड. या भागात मोबाईल आणि कॉम्प्युटरची दुकानं दाटीने आहेत, आणि आतल्या एका गल्लीत कंपन्यांचे काढून टाकलेले मॉनिटर विकणारे एक काका बसतात. छताला लागलेली मॉनिटरची थप्पी, समोर एक टेबल, टेबलावर तपासायला दोन मॉनिटर कायम जोडलेले. मी लॅपटॉप उघडून दाखवला तर त्यांनी विकायचं काही काढलंच नाही. पहिला प्रश्न विचारला, “ताई, काम काय करता?”

पत्रिकांचं म्हटल्यावर त्यांनी १९ इंची दीड हजाराचा बाजूला सारला. तो चौकोनी, जुना, १२८०×१०२४ चा. म्हणाले, “हा बिलिंगला बरा. तुम्ही २२ चा घ्या.” साडेएकवीस इंची, १९२०×१०८०, तीन हजार रुपये, एक महिना बदलून देण्याची हमी, बिलावर हाताने लिहून. याचा ठिपका पाव मिलिमीटरचा, टीव्हीच्या निम्म्याहून लहान.

अडचण एकच होती. त्या मॉनिटरला एचडीएमआय नव्हतं, मागे व्हीजीए आणि डीव्हीआय अशा दोनच जागा. माझ्या डोक्यात निळं टोक असलेली व्हीजीएची केबल होती, कारण तीच ओळखीची. काकांनी थांबवलं. व्हीजीएला जायचं तर लॅपटॉपच्या डिजिटल सिग्नलचं रूपांतर करणारी डबी लागते आणि त्यात अक्षरांची धार थोडी जाते. एचडीएमआय आणि डीव्हीआय यांचा सिग्नल मात्र आतून एकच आहे, टोकं तेवढी वेगळी. ३०० रुपयांची साधी केबल, एका टोकाला हे, दुसऱ्या टोकाला ते, मध्ये काही नाही. आवाज तिच्यातून मॉनिटरला जात नाही, तो लॅपटॉपच्याच स्पीकरवर येतो. मला काय करायचाय आवाज. जुना मॉनिटर घेणाऱ्याने मागे डीव्हीआय आहे का हे आवर्जून बघावं, हा सल्ला मला तीनशे रुपयांत मिळाला आणि तो फार मोलाचा आहे.

पैसे देण्याआधी मी माझी परीक्षा घेतली. कोरलमध्ये पाच पानं करून नेली होती: पूर्ण पांढरं, काळं, लाल, हिरवं, निळं. एफ-९ दाबून एकेक पान पूर्ण पडद्यावर आणायचं आणि जवळून बघायचं. पहिल्या मॉनिटरवर पांढऱ्या पानाला कडेने पिवळट झाक होती, जुन्या मॉनिटरच्या मागचा दिवा थकला की असं होतं. मी पर्समधून पांढऱ्या आर्ट कार्डाचा तुकडा काढून बाजूला धरला, फरक काकांनाही दिसला. त्यांनी न बोलता दुसरा जोडला. त्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका मेलेला होता, काळ्याशिवाय प्रत्येक पानावर काळाच. बाकी स्वच्छ. तोच घेतला. त्यांनी शंभर रुपये स्वतःहून कमी केले आणि फोमच्या पिशवीत बांधून रिक्षापर्यंत आणून दिला.

घरी टेबलावर मांडला, खाली पत्रिकेच्या दोन जाड अल्बमांची उंची दिली, आणि ‘श्री सप्तशृंगी माता प्रसन्न’ उघडलं. ऋकार होता, अनुस्वार होता.

या मॉनिटरचा दोष सांगायचा तर तो समोरून बघितला तरच खरा रंग दाखवतो. उभं राहून वरून बघितलं की लाल फिकट होतो. गिऱ्हाईक शेजारी खुर्ची घेऊन बसलं तर त्याला वेगळा रंग दिसतो, म्हणून गिऱ्हाईकाला माझ्याच खुर्चीत बसवायचं. दुसरी गोष्ट, लाइट गेली की मॉनिटर बंद. लॅपटॉप बॅटरीवर चालूच असतो, काम जागच्या जागी असतं, पण दिसत काही नाही. पहिल्यांदा लाइट गेली तेव्हा मी अंधारात कंट्रोल-एस दाबून बसले. नंतर हॉलमधल्या इन्व्हर्टरच्या पॉइंटवरून एक्स्टेंशन ओढली आणि तो प्रश्न मिटला.

झाकण बंद करून लॅपटॉप बाजूला ठेवता येईल का, हे पुष्कळ जण विचारतात. येतं. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवरच्या पर्यायांत झाकण मिटल्यावर ‘डू नथिंग’ असं करायचं, वेगळा कीबोर्ड आणि माऊस लावायचा. मी दोन दिवस केलं आणि सोडून दिलं, कारण माझ्या लॅपटॉपची गरम हवा बिजागरीकडून बाहेर पडते आणि झाकण मिटलं की पंखा सारखा ओरडतो. मी झाकण थोडं उघडंच ठेवते. ज्यांनी हे सेटिंग केलंय त्यांनी लॅपटॉप पिशवीत घालण्याआधी तो हाताने बंद करावा, नाहीतर तो आत चालूच राहतो आणि तापतो. एकाने मला फुटका पडदा काढूनच टाकायला सांगितलं होतं. बहुतेक लॅपटॉपांत वायफायच्या ॲंटेनाच्या तारा पडद्याच्या कडेने झाकणातच असतात, कॅमेराही तिथेच. मी हात लावला नाही.

दुरुस्तीबद्दल थोडं. मॉनिटर आणल्यावर घाई संपली होती, म्हणून भाव काढत फिरता आलं. पहिल्या दुकानात, नाव सांगत नाही, मुलाने स्क्रीनकडे बघितलं आणि साडेनऊ हजार सांगितले. म्हणाला मदरबोर्डवरही मार बसलाय. मी म्हटलं, टीव्हीला जोडून बघितलंय, चित्र एकदम स्वच्छ येतं, मग बोर्डाला काय झालंय ते दाखवा. तो गप्प झाला, मग “बघावं लागेल” म्हणाला. मी लॅपटॉप उचलला. घरी ती केबल लावून बघितली नसती तर मी ते पैसे दिले असते, याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्या दुकानात कारागिराने माझ्यासमोर कडेची पट्टी उघडली, पडद्याच्या मागचा नंबर वाचून दाखवला आणि खालची ३० पिनांची पट्टी दाखवली. त्या नंबरला जुळणाराच पडदा मागवायचा, पिना आणि बसवायच्या जागा सारख्या हव्यात. माझा मूळचा पडदा टीएन प्रकारचा होता, म्हणजे बाजूने बघितलं की रंग बदलणारा. त्याच मापात आयपीएस, म्हणजे बाजूनेही रंग टिकवणारा, मिळतो का विचारलं. पाचशे रुपये जास्त, एकूण ५,२००. मुंबईहून यायला चार दिवस, बसवायला पाऊण तास. पासवर्ड मागितला तो दिला नाही. पडदा चालतोय हे लॉगिनच्या पानावरही दिसतं, त्याला आत जायची गरज नसते, आणि माझ्या फाईलींमध्ये शेकडो लोकांचे फोन नंबर असतात. ते त्यांनी समजून घेतलं. तरी देण्याआधी पत्रिकांचं सगळं फोल्डर पेन ड्राइव्हवर उतरवून घेतलं होतं.

नवा पडदा चांगला आहे, बाजूने बघितलं तरी रंग हलत नाही. एक महिना भरायच्या आत मॉनिटर परत आणला तर निम्मे पैसे देईन, असं काका म्हणाले होते. मी नेला नाही. आता मजकूर लॅपटॉपवर आणि पत्रिका मॉनिटरवर, अशी दोन्ही बाजूला उघडून मी नावं ताडून बघते. कोपऱ्यातला तो मेलेला ठिपका पानाच्या बाहेरच पडतो.